नासरेनोला बोललेले केस

जानेवारीतल्या एका दुपारी फ्लोरिदाल्मा माझ्या शिवणघरात आली, दाराची कडी आतून लावली आणि पिशवीतून केसांचा गुंता काढून माझ्या मशीनवर ठेवला. काळे, लांब, तिचेच. मी उचलायला गेले तर मूठ भरून खाली उरले.

"एवढे आज गेले, मद्रिना," ती म्हणाली. "एकदा विंचरलं तेवढ्यात. काल पण एवढेच. अन् परवा पण."

बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यापाशी मी तिला हातात धरलं होतं, म्हणून मी तिची मद्रिना, धर्ममाता. तिची आई ओदिलिया माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण, आणि त्या बाप्तिस्म्यापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. पोरीला मी शाळेतून मार खाऊन आलेली पाहिलं आहे. बाप कामाला सीमेपलीकडे उत्तरेत गेला आणि पुढे त्याचे फोन यायचे थांबले, तेव्हा आतल्या आत जळताना पाहिलं आहे. त्या सगळ्या वेळी ती चिडायची, आदळआपट करायची. त्या दुपारी मात्र तिचे ओठ पांढरे पडले होते. बावीस वर्षांच्या मुलीला केस गेल्याचं दुःख होईल हे मी समजू शकते. तिला दुःख झालं नव्हतं. ती घाबरली होती, आणि तिच्याकडे बघून मीही घाबरले.

कारण ते केस तिचे नव्हतेच. ते नासरेनोचे होते.

आमच्या सान एलोय गावच्या देवळात खांद्यावर क्रूस घेतलेला, वाकलेला येशू आहे, तो आमचा नासरेनो. पवित्र आठवड्यात त्याला चौरंगावर चढवून गावभर मिरवतात. त्याचा झगा गेली कित्येक वर्षं मी शिवते. त्याचे केस लाकडाचे नाहीत, खऱ्या बाईचे आहेत. उन्हाने, धुपाच्या धुराने ते विटतात, तांबूस होतात, झडतात. मग गावातली एखादी पोर नवस बोलते आणि आपले केस त्याला देते. एकदा नवस बोलला, रविवारी देवळात नाव पुकारलं, की त्या केसांना कात्री लागायची नाही, रंग लागायचा नाही, इस्त्री फिरवायची नाही. पवित्र आठवड्याआधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो, त्याच्या चौथ्या शुक्रवारी देवळातच सगळ्या बायकांसमोर वेणी एकसंध कापतात. मग राजधानीतला कारागीर तिचा टोप बांधतो. ज्या पोरीचे केस नासरेनोच्या खांद्यावर रुळतात, तिच्याकडे गाव वर्षानुवर्षं बोट दाखवतं, चांगल्या अर्थाने.

फ्लोरीने नवस बोलला तेव्हा मी तिथेच होते. ऑक्टोबर होता, पाऊस थांबत नव्हता, घराघरात डेंग्यू. ओदिलियाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्ही तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तिथे प्लेटलेट्स उतरत गेल्या, नर्स आमच्या नजरेला नजर देईना. फ्लोरी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "नासरेनो, हे केस आजपासून तुझे. माझ्या आईला इथून पायांनी चालत घरी पाठव." मी ओदिलियाच्या चपला पोटाशी धरून उभी होते. त्याच आठवड्यात फ्लोरीलाही ताप चढला होता. अंग भाजत होतं, पण ती तापाच्या गोळ्या गिळून आईच्या उशाशी बसून राहिली. तिच्या तापाकडे कोण बघतो! ओदिलिया वाचली. पायांनी चालत घरी आली. त्यानंतरच्या रविवारी पाद्र्यांनी फ्लोरीचं नाव पुकारलं, आणि पोरीची कमरेखाली गेलेली वेणी गावाची झाली.

आणि आता ते केस मूठमूठ माझ्या मशीनवर.

"मद्रिना, आईला बोलू नका," ती म्हणाली. "तिला कळलं की तिला पण कळेल."

"काय कळेल?"

"की तो घेत नाहीये. तो केस नाकारतोय. केस नाकारले म्हणजे आईला परत मागणार."

"गप! काहीतरी बरळू नकोस," मी ओरडले. पण खरं सांगते, माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

गावात एक गोष्ट आहे, ती प्रत्येक पोरीने ऐकलेली असते. पूर्वी रुतिलिया नावाच्या मुलीने असाच नवस बोलला होता आणि बहिणीच्या लग्नात हौसेने कपाळावरची झुलपं कापून घेतली. ते वर्ष सरायच्या आत तिचा बाप उसाच्या ट्रकखाली गेला. मी त्या मयताला गेले होते. माझ्या मते तो दारू पिऊन रस्त्यावर आडवा झाला होता आणि अंधारात ड्रायव्हरला दिसला नाही. पण गोष्ट सांगताना दारू कुणी सांगत नाही, झुलपंच सांगतात. आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त रंगवून सांगते ती दोन्या एर्सिलिया, म्हणजे एर्सिलियाबाई, देवळातल्या बायकांच्या मंडळाची अध्यक्षीण. मेणबत्त्यांचं दुकान चालवते आणि नासरेनो आपला सख्खा भाचा असल्यासारखी त्याच्या वतीने बोलते.

मला दुसरीच भीती होती. माझी धाकटी बहीण गेली त्याच्या आधी तिचे केस असेच उशीवर राहायचे. तिला तो रोग होता, ज्याचं नाव आमच्या घरात अजून कुणी घेत नाही. फ्लोरीसमोर मी तोंड उघडलं नाही, पण ती घरी गेल्यावर मशीनवरचे केस गोळा करताना मला हुंदका आला. एकुलती एक पोर, आणि मरणाच्या दारातून नुकतीच परतलेली आई. मी नासरेनोला म्हटलं, तुझे झगे शिवून माझे डोळे गेले, आता एवढं तरी ऐक.

मग सुरू झाले उपाय. आईला म्हणायची, नासरेनोसाठी केसांना चमक आणतेय. कांद्याचा रस झाला. आठवडाभर तिच्या अंगाला असा वास मारत होता की ती जिथे नोकरीला होती त्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातलं गिऱ्हाईक दारातूनच किंमत विचारून जायचं. कोरफड झाली, अव्होकाडोचा गर झाला, रोझमेरीचं उकळलेलं पाणी झालं. मग कुणीतरी सांगितलं घोड्याचा शाम्पू. पशुखाद्याच्या दुकानात मिळतो, बाटलीवर घोड्याचं चित्र. मी म्हटलं, "अगं, तू खिंकाळायला लागलीस तर मी काय करू?" तेव्हा ती हसली, त्या महिन्यातली ती एकदाच. बाजारात भोंगा लावून औषधं विकणारा एक बाबा आहे, त्याच्याकडून तिने कसलंसं झोंबणारं पाणी आणलं. त्याने टाळू लाल झाली, खपल्या धरल्या, आणि केस आणखी गेले.

गळलेला प्रत्येक केस ती जपून ठेवायची. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका विंचरलेले केस फेकत नाहीत, मेल्यावर आत्म्याला ते शोधत वणवण करावी लागते म्हणतात. फ्लोरीला स्वतःच्या आत्म्याचं पडलं नव्हतं. केस त्याचे आहेत, एकही हरवला तर आपल्याला जाब द्यावा लागेल, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. कपाटात कापडी पिशवीत ती ते भरायची. एकदा तिने मला ती उघडून दाखवली. आत हात घातला तर उशीत हात घातल्यासारखं मऊ लागलं, आणि मी झटकन हात काढून घेतला.

उपासकाळ लागला आणि शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर, ओदिलिया आलेली नसताना, दोन्या एर्सिलियाने तिला सगळ्यांच्या देखत थांबवलं. वेणी हातात घेतली, दोन बोटांत चाचपली, बाजारात दोरखंड चाचपतात तशी.

"बारीक झाली गं ही."

"नाही हो, दोन्या एर्सिलिया. घट्ट घातलीय म्हणून."

"मी काय आंधळी आहे? पुकारलं तेव्हा माझ्या मुठीत मावत नव्हती." मग ती बायकांकडे वळली. "तो आपले आपणच घेतोय बघा. देताना हिच्या मनात काहीतरी खोट असणार. फ्लोरिदाल्मा, कशाचा राग आलाय गं त्याला?"

"धुपाचा आला असेल," मी मध्ये तोंड घातलं. "तुमच्या दुकानातला स्वस्तातला जाळता ना तुम्ही!"

बायका हसल्या, एर्सिलिया लाल झाली, पण फ्लोरीला काही ऐकू गेलं नव्हतं. तिच्या कानात तो एकच प्रश्न शिरला होता. कशाचा राग आलाय त्याला? घरी जाताना ती मला म्हणाली, "मी पुरेसं दिलं नाही, मद्रिना. नुसते केस दिले. त्यात माझं काय गेलं?"

त्या दिवसापासून तिने खाणं सोडलं. मांस तर आम्ही सगळेच शुक्रवारी सोडतो. हिने रोजच मांस सोडलं, अंडी सोडली, दूध सोडलं, मग काळा घेवडासुद्धा सोडला. मक्याच्या भाकरीला मीठ लावायची आणि वर काळी कॉफी. राग उतरला की केस गळायचे थांबतील, केस थांबले की आई वाचेल, असा तिचा हिशेब. केस तर जास्तच गळायला लागले. जास्त गळले म्हणून ती आणखी कमी खायला लागली. आणि वेणी भरदार दिसावी, एकही केस निसटू नये म्हणून केसांना नुसता पाण्याचा हात लावून वेणी अशी करकचून घालायची की कानशिलांची कातडी ताणून डोळे तिरपे व्हायचे. धुवायची तर नाहीच, धुताना गळतात म्हणून.

पलीकडे ओदिलिया स्वयंपाकघरात भांडी आपटायची. ती नाताळापासून डोक्याला रुमाल बांधून असायची, दुखण्यानंतर वारं लागतं म्हणायची. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

"खा म्हणते ना! हाडं दिसायला लागली तुझी."

"उपास आहे."

"असला कसला उपास? पाद्री पण चिकन खातात!"

"आई, तुला बरं वाटतंय ना? खरं सांग. हिरड्या बघू."

"हिरड्या बघते म्हणे! मी काय विकायला काढलेलं खेचर आहे?"

रोज सकाळी कामावर जाण्याआधी फ्लोरी आईच्या हिरड्या बघायची. ओदिलिया शिव्या देत तोंड उघडायची.

चौथा शुक्रवार आठवड्यावर आला आणि फ्लोरी दुकानात झेरॉक्सच्या मशीनसमोर कोसळली. मालकीणबाईंनी मला फोन केला. मी तशीच बोटात शिवणाचं अंगुस्तान अडकवलेली धावले. ती शुद्धीवर आली होती आणि जमिनीवर बसून आधी वेणी चाचपत होती. मी तिला रिक्षात कोंबलं.

"कुठे नेताय?"

"आरोग्य केंद्रात."

"नको, मद्रिना. तिथे औषधं देतील. औषध घेतलं म्हणजे मी त्याच्यावर भरवसा ठेवला नाही असं होईल."

"त्याला काय वाटेल ते मी बघून घेते. आमची ओळख आहे."

आरोग्य केंद्रात डॉक्टर मासारिएगोस नावाच्या तरुण बाई आहेत. मी बाकावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी बहीण. बाईंनी वेणी सोडायला सांगितली तेव्हा फ्लोरीने माझ्याकडे बघितलं. मीच सोडली. आतून टाळू दिसत होती, भांग तर रस्त्यासारखा रुंद झाला होता. बाईंनी केसांची एक बारीक बट चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. अर्धी बट बोटांतच आली. फ्लोरीने श्वास आत ओढला. बाईंनी केसांची टोकं उजेडात धरून पाहिली, खालची पापणी उलटून पाहिली, नखं पाहिली. मग विचारत बसल्या. पाळी कशी येते? वजन किती उतरलं? घरात कुणाला थायरॉइड? कुणाला टक्कल? आणि गेल्या काही महिन्यांत मोठा ताप?

"नाही," फ्लोरी म्हणाली.

"नाही कसा?" मी म्हटलं. "ऑक्टोबरात फणफणली होतीस! आईला डेंग्यू झाला तेव्हा हिलाही झाला, बाई. फक्त हिने झोपून काढला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बघ, फ्लोरिदाल्मा. डोक्यावरचे सगळे केस एकदम वाढत नसतात. काही वाढतात, थोडे विश्रांती घेतात. मोठा ताप आला की शरीर जीव वाचवायच्या मागे लागतं आणि पुष्कळ केसांना एकदमच झोपायला पाठवतं. ते त्याच वेळी पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, आपण तो ताप विसरून गेल्यावर पडतात. म्हणून कुणाला संबंध लागत नाही. बाळंतिणींचं असंच होतं. महिन्याभरात बारीक व्हायला निघालेल्या पोरींचं होतं. तुझ्या वयाचे कितीतरी माझ्याकडे येतात, पोरगेसुद्धा. त्यांचं बहुतेक बापाकडून आलेलं असतं, त्याला वेगळं औषध. पण ह्या तापाच्या गळतीत मुळं मरत नाहीत. केस परत येतात."

"म्हणजे हा... तो दुसरा रोग नाही?" मी विचारलं. नाव काही माझ्या तोंडून निघालं नाही.

"तसं काही दिसत नाही. रक्त तपासायला घेते, थायरॉइडही बघू. रक्त मात्र कमी आहे, ते डोळ्यांतच दिसतंय. तापाची गळती एव्हाना थांबायला लागली असती. ही थांबू देत नाहीये. केस बनतात खाल्लेल्या अन्नातून. काय खातेस तू?"

उत्तर मीच दिलं, मीठ-भाकरी.

बाई रागावल्या नाहीत. तिची कानशिलं बोटाने दाखवली. "आणि इथले केस तापाने गेलेले नाहीत, ही वेणी ओढून नेतेय. तापाचे परत येतात. वर्षानुवर्षं ओढून काढलेले येत नाहीत. वेणी सैल घाल किंवा मोकळे सोड. डोकं साध्या शाम्पूने धू, धुताना पडणार ते पडणारच होते. बाजारातलं पाणी फेकून दे. लोहाच्या गोळ्या देते. अंडी, घेवडा, कलेजी, मिळेल ते रोज खा. धीर धर, सहा महिने, वर्ष लागेल."

"शुक्रवारी वेणी कापायची आहे," फ्लोरी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, व्हरांड्यातल्या नवसापासून. बाई इथल्याच आहेत, नवस म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

"नवसात मी पडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जेवली नाहीस तर तुझ्याकडे द्यायला काही उरणार नाही."

"अन् जेवले तर आई उरणार नाही."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "आईला तुझ्यापेक्षा जोराचा डेंग्यू झाला होता ना? मग तिच्या केसांचं काय?"

"तिचे छान आहेत," फ्लोरी म्हणाली.

मला रुमाल आठवला. नाताळापासून मी ओदिलियाचे केस पाहिलेच नव्हते. वारं लागतं म्हणे! आमच्या ह्या गावात, जिथे मार्चमध्ये कोंबड्यासुद्धा सावलीत चोच उघडून बसतात!

घरी पोचलो तेव्हा ओदिलिया चुलीपाशी होती. मी सरळ आत गेले. "कोमाद्रे, रुमाल काढ."

"काय?"

"डोक्यावरचा रुमाल. काढ म्हणते."

तिने दोन्ही हात डोक्यावर धरले. "का काढू? वारं..."

"वाऱ्याला घाल चुलीत! तुझ्या पोरीचे केस जानेवारीपासून गळतायत, मुठीमुठीने. तिला वाटतंय नासरेनो तुला न्यायला येतोय. म्हणून उपाशी मरतेय ती. आज दुकानात पडली."

ओदिलियाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने फ्लोरीकडे पाहिलं. फ्लोरीने सुटलेल्या केसांवर हात धरला, पण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग ओदिलियाने रुमालाची गाठ सोडली.

तिचं डोकं जवळजवळ रिकामं दिसत होतं. जुने लांब केस इथे तिथे चार राहिले होते. फ्लोरी भिंतीला टेकली.

"डिसेंबरात सुरू झालं," ओदिलिया म्हणाली. "रोज उशी भरायची. मला वाटलं, ह्याने मला सोडलं नाही, थोडं थोडं करून नेतोय. हिला कळलं तर म्हणेल नवस फुकट गेला. पोर घाबरून मरेल म्हणून बांधला रुमाल. न्हाणीघरात दार लावून रडायचे."

"दोघी मिळून भिंतीच्या एकाच बाजूला!" मी म्हटलं. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. "एकीने तरी तोंड उघडायचं!"

"मग हे आलं," ओदिलिया म्हणाली. तिने फ्लोरीचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "लाव हात. घाबरू नकोस. लाव."

लांबून नुसती काळी सावली वाटत होती, पण सगळ्या टाळूवर अर्ध्या पेराएवढे नवे केस उभे राहिले होते, दाट, काळे, कोंबडीच्या पिल्लासारखे मऊ. मीही हात फिरवला. फ्लोरी हात काढेना. आईच्या डोक्यावरून पुढे, मागे, परत पुढे. आई तिच्याआधी आणि तिच्यापेक्षा जोराने आजारी पडली होती, म्हणून तिचे आधी गेले; आणि ती जेवत होती, म्हणून आधी आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते सगळं ह्या डोक्यावर उगवलेलं होतं.

तेवढ्यात दारात आवाज आला. दोन्या एर्सिलिया. फ्लोरी पडल्याची बातमी तिच्यापर्यंत न पोचती तर नवल. "काय गं झालं? मी म्हटलंच होतं, त्याचा राग आहे. शुक्रवारी वेणी..."

ओदिलिया तशीच उघड्या डोक्याने दारात जाऊन उभी राहिली. एर्सिलियाने तिला पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला.

"शुक्रवारी वेणी नाही," ओदिलिया म्हणाली. "पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या. माझ्या जिवासाठी नवस बोललीय ना ती? मग मी सांगते, तो थांबेल."

"असं कसं, ओदिलिया? नासरेनोने ह्या वर्षी ते विटलेले केस घालून मिरवायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आमच्याकडे या," मी मागून म्हटलं. "झग्याची कॉलर उंच शिवते मी. नाही दिसणार." एर्सिलिया तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेली. पाद्र्यांनी पुढे काही हरकत घेतली नाही, तेही इथे सांगून टाकते, आणि थायरॉइडही नीट निघालं.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. ओदिलियाने तव्यावर दोन अंडी फोडली, काळा घेवडा गरम केला, भाकऱ्या शेकल्या आणि ताट फ्लोरीसमोर ठेवलं.

"खा."

"आई, आजचा दिवस नको. उद्यापासून."

"आज."

"मला सगळं समजलंय," फ्लोरी म्हणाली. "ताप होता, मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं पटलंय. पण आई, मला भीती वाटते. मी त्याला शब्द दिलाय. मी खाल्लं अन् तुला काही झालं तर?"

"तर मी इथेच बसलेय. बघ माझ्याकडे." ओदिलियाने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

फ्लोरीने भाकरीचा तुकडा मोडला, त्यात अंडं धरलं. अंड्याचं पिवळं ताटात गळलं. घास तोंडात घातला, आणि चावायच्या आधी मान वर करून आईकडे बघितलं. गिळला, परत बघितलं. प्रत्येक घासाला तेच. मी चुलीपाशी उभी होते. ओदिलिया तिच्यासमोर बसून मुद्दाम मोठमोठ्याने श्वास घेत राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.